घेवड्याची शेवटची ओळ

फाटकाची कडी काढून तिनं परसात पाऊल टाकलं आणि तो वास तिच्या नाकात शिरला. गोडसर, उग्र, टाळूला चिकटून बसणारा! पिकांच्या औषधांच्या दुकानामागे इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला तो वास ओळखायला क्षणही लागला नाही, पण तो आपल्याच परसातून, आपल्याच प्लॉटमधून, तोही उद्या परीक्षक यायचे असताना येतोय यावर विश्वास ठेवायला मात्र तिचं मन काही केल्या तयार होईना. खांद्यावर विद्यापीठाची पिशवी, ओठांवर उद्याच्या तोंडी परीक्षेची उत्तरं... बसमध्ये सगळा रस्ताभर ती स्वतःशी पुटपुटत आली होती, इतकी, की शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली होती. ती सगळी उत्तरं जागच्या जागी गारठली.

घेवड्याच्या वेलांपाशी सासूबाई उभ्या होत्या. पाठीवर फवारणीचा पंप, नाकातोंडाला रुमाल, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिला पाहताच त्यांनी रुमाल खाली ओढला आणि त्या हसल्या. तिच्याकडे बघून हसल्या!

"आलीस का? ये, ये, बघ तरी!" त्यांचा घामेजलेला चेहरा नुसता फुलून आला होता. "तुझं काम करून ठेवलंय मी. पानापानावर काळ्या काटेरी अळ्या गं, अंगावर शहारा आला बघून! उद्या एवढे शिकले-सवरलेले लोक येणार आणि असलं किडकं पीक बघून जाणार? म्हटलं, तू नाहीस तर आपण उरकावं. दुकानातलं सगळ्यात चांगलं औषध मारलंय. एक जिवंत राहिली असेल तर सांग!"

सगळं संपलं होतं. आणि त्याच क्षणी काळजात आनंदाची एक कळ अशी काही उठली की तिला आधाराला फाटकाचा खांब धरावा लागला... सासूबाई तिच्याशी बोलल्या होत्या! थेट तिच्याशी! तीन वर्षांत पहिल्यांदा!

हा तीन वर्षांचा अबोला सुरू झाला तो जेवणाच्या टेबलावर. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, घर रिकामं रिकामं वाटू लागलं, आणि एके दिवशी हिनं धीर गोळा करून सांगून टाकलं, की मला विद्यापीठात प्रवेश मिळालाय, सेंद्रिय आणि शाश्वत शेतीची पदवी घ्यायचीय. नवऱ्यानं "अरे वा!" म्हणायला तोंड उघडलं आणि आईकडे बघून तसंच मिटलं. सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला होता.

"म्हणजे आपल्या दुकानाला विष म्हणायचं, ते शिकायला विद्यापीठात जायचं!"

त्यांचंही काय चुकलं म्हणा! रस्त्याच्या कडेला एक टेबल मांडून त्यांनी आणि सासऱ्यांनी ते दुकान सुरू केलं होतं. सासरे गेल्यावर तान्ह्या पोराला मागच्या पोत्यांवर निजवून त्यांनी एकटीनं ते चालवलं होतं. त्या डब्याबाटल्यांवर हे घर उभं राहिलं, त्या घरात ही सून आली, आणि आता त्याच डब्याबाटल्यांशिवाय शेती कशी करावी हे शिकायला निघाली! त्यांच्या मानी मनाला तो घाव फार खोल लागला. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणंच सोडलं. "तुझ्या बायकोला सांग, चहात साखर जास्त झालीय," असं त्या मुलाला म्हणायच्या आणि बायको समोरच्याच खुर्चीत बसलेली असायची. "आईंना सांगा, दुसरा करून देते," असं ही म्हणायची. आणि मधल्या मध्ये तो बिचारा दुकानदार एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवून म्हणायचा, "ऐकलंत ना दोघींनी? मग मी माझा चहा पिऊ का?"

बाहेर विद्यापीठात मात्र तिच्या जन्माचं सोनं होत होतं. पहिल्या दिवशी वर्गातली पोरं तिला प्राध्यापक समजून ताडकन उभी राहिली, आणि ती सरळ मागच्या बाकावर जाऊन बसल्यावर सगळा वर्ग जो काही हसला! सगळ्यांत जास्त तीच हसली. तेव्हापासून ती सगळ्यांची 'काकू'. पहिल्याच तासाला त्यांना शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना शेतावर नेलं, पालथं पडायला लावलं आणि नाक जमिनीला टेकवून मातीचा वास घ्यायला सांगितला. पोरं खिदळत होती. ती उठली तेव्हा तिच्या नाकाच्या शेंड्याला माती आणि डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यभर मी हिच्यावर चालले आणि हिला ओळखलंच नाही, असं काहीसं तिला वाटलं होतं... मग गांडुळं आली, खताचे ढीग आले, मुळांवरच्या गाठी आल्या, किडींचे तास आले. ती इतक्या उत्साहानं घरी यायची की तोंडून शब्द ऊतू जायचे, आणि ऐकायला एक नवरा! तोही दुकानाच्या गल्ल्यावर बसून, आवाज खाली करून म्हणायचा, "अगं हळू, गिऱ्हाईक ऐकेल."

या पदवीचा एक नियम होता. प्रत्येक विद्यार्थ्यानं पहिल्या वर्षापासून स्वतःचा एक प्लॉट सांभाळायचा, त्यात शेवटच्या परीक्षेपर्यंत औषधाचा एक थेंब पडता कामा नये, आणि शेवटी परीक्षक त्या प्लॉटमध्येच उभं राहून तोंडी परीक्षा घेणार. तिनं परसाचा तुकडा घेतला. पहिल्या वर्षी घेवड्यावर रस पिणारा मावा पडला, वेल चिकट होऊन काळे पडले. दुसऱ्या वर्षीही तेच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाई ते बघायच्या आणि खिडकी लावून घ्यायच्या. यंदा मात्र... यंदा त्या आल्या! कुणी आणून न सोडता, आपल्या पायांनी आल्या! काळ्या, काटेरी, अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या, माव्याचा फडशा पाडणाऱ्या. मोठ्या झाल्या की त्यांचेच ते लाल, काळ्या ठिपक्यांचे किडे होतात. पहिली अळी दिसली तेव्हा तिनं आनंदानं परसात एकटीनंच टाळ्या वाजवल्या होत्या. ज्या प्लॉटमध्ये त्या आपणहून येतात तो प्लॉट जिवंत झाला असं बाई सांगायच्या. तिच्या पदवीचा सगळा अभ्यास त्या अळ्यांवर उभा होता.

आणि सासूबाईंनी नेमक्या त्याच मारल्या होत्या. शत्रू समजून, प्रेमानं!

"काय गं, बोलत का नाहीस? आवडलं नाही?" सासूबाईंचं हसू किंचित डळमळलं.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. सत्तरी ओलांडलेली बाई. पंपाच्या पट्ट्यानं खांद्यावर लाल वळ उठला होता, आणि डोळ्यांत एखाद्या लहान मुलीसारखी, शाबासकीची वाट बघणारी आशा होती...

"छान केलंत, आई," ती म्हणाली. "फार छान केलंत. द्या तो पंप इकडे, किती जड आहे!"

पंप उतरवताना सासूबाईंचा हात तिच्या हातावर क्षणभर विसावला. एवढ्यासाठी तिनं तीन वर्षं किती वाट पाहिली होती!

संध्याकाळी दुकान बंद करून नवरा आत आला तो बघतो तर काय, आई गुणगुणत कपबश्या पुसतेय आणि बायको खोलीत उशीत तोंड खुपसून रडतेय. सगळं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला.

"मग आईला सांगू या ना! तिला काय माहीत! तुमच्यात काहीतरी नियम असेलच की असं काही झालं तर..."

"आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "दुसऱ्या कुणी चुकून फवारलं असेल तर त्या माणसानं परीक्षकांसमोर येऊन स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मग प्लॉट बाद होतो, पण नव्यानं करता येतो. विद्यार्थ्यानं स्वतः फवारलं असेल तर त्याचं नावच काढून टाकतात. कायमचं."

"मग झालं तर! उद्या आई सांगेल!"

"काय सांगतील?" ती ताडकन उठून बसली. "की मी सुनेची तीन वर्षं मातीत घातली? अहो, त्या आज माझ्याशी बोलल्या... दुपारपासून गाणं म्हणतायत, ऐकताय ना? उद्यासाठी ठेवणीतले कपडे काढून ठेवलेत त्यांनी! त्यांना हे कळलं तर पुन्हा कधी माझ्याकडे मान वर करून बघतील का? नाही... ते माझ्याच्यानं होणार नाही."

"आणि तुझी पदवी?"

त्या एका शब्दानं तिच्या अंतःकरणाची कशी चाळण झाली ते तिचं तिलाच ठाऊक! ती संध्याकाळ तिनं खोलीतच काढली. परसात पाऊल टाकायची, पानं उलटून मेलेली लेकरं बघायची तिची छातीच होईना.

"नाही मिळाली तर नाही मिळाली," शेवटी ती म्हणाली. "तुम्ही शब्द द्या, आईंना काही सांगणार नाही."

त्यानं शब्द दिला. पण देताना त्याचा चेहरा असा झाला, की जणू कुणी जबरदस्तीनं कडू काढा पाजलाय.

सकाळी परीक्षक आले. उंच, वाकून चालणारे, गळ्यात दोरीला भिंग लटकलेलं. आणि त्यांच्यासोबत तिच्या बाई, तिच्याहून जास्त उत्साहात! "काकू, आज तुम्ही यांना घाम फोडणार, मला माहितीये," त्या कानाशी कुजबुजल्या. "आमच्या विभागाला आजवर असा प्लॉट मिळाला नव्हता!" तिनं हसायचा प्रयत्न केला. तो रडण्याच्या इतका जवळ गेला की बाईंनी तिच्याकडे दचकून पाहिलं.

परीक्षक पहिल्या ओळीपाशी गुडघ्यांवर बसले, भिंग डोळ्याला लावणार तोच थांबले. त्यांनी एक लांब श्वास घेतला. भिंग पुन्हा खाली सोडलं.

"हे कुणी मारलं?"

"मी," ती म्हणाली.

"काकू!" बाईंचा आवाज फाटला. "काय बोलताय तुम्ही?"

"मीच मारलं, बाई. काल. अळ्या फार दिसल्या... धीर सुटला माझा."

"तुमचा? अहो, पहिल्या वर्षी एका पोरानं अळी चिमटीत धरली म्हणून तुम्ही त्याला वर्गाबाहेर काढलं होतंत! माझ्या वर्गातून! मला न विचारता!"

ती मान खाली घालून उभी राहिली. पायाखालची माती, जिचा वास तिला पाठ होता, तिच्याकडेही बघवेना. नवरा दाराच्या चौकटीला टेकून ओठ आवळून उभा होता. दिलेला शब्द त्याच्या घशात अडकला होता. आणि त्याच्या मागून, ठेवणीतले कपडे घातलेल्या, हातात चहाचा ट्रे घेतलेल्या सासूबाई बाहेर आल्या होत्या. 'मीच मारलं' एवढंच त्यांच्या कानावर पडलं. त्यांना वाटलं, सून आपल्या कामाचं श्रेय लाटतेय. लाटलं तर लाटलं, पोरीला चार गुण जास्त मिळत असतील तर मिळू देत, आपल्याला कुठे परीक्षा द्यायचीय! हे त्यांनीच मागाहून सांगितलं. तेव्हा मात्र त्या ट्रे सांभाळत कौतुकानं सगळं ऐकत राहिल्या.

परीक्षकांनी खिशातून कागद काढला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "अहवालात लिहावं लागेल. कोणतं औषध? प्रमाण किती?"

ती गोंधळली. हा प्रश्न येईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं! ज्या दिवशी विद्यापीठात नाव घातलं त्या दिवसापासून तिनं दुकानाच्या फळ्यांकडे पाहिलंच नव्हतं. तिला आठवत होता तो एक डबा तिनं सांगून टाकला.

"लाल डब्यातलं. पंपाला... पंपाला दोन झाकणं."

ट्रेमधले कप खणखणले.

"लाल डब्यातलं?" सासूबाई अशा काही ओरडल्या की परीक्षक उठून उभे राहिले. "अगं ए, लाल डब्यात वाळवीची पूड असते! ती कुणी पिकावर मारतं का? आणि दोन झाकणं! पीक जळून कोळसा होईल! लिहू नका हो साहेब, लिहू नका, आमच्या दुकानाचं नाव जाईल! पांढऱ्या डब्यातलं होतं ते, आणि पंपाला एक झाकण, तेही सपाट! मी स्वतः मापलंय, स्वतः मारलंय, इतकी वर्षं काय झोपा काढल्या का मी?"

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. बाईंनी काकूंकडे पाहिलं, मग आजींकडे, मग पुन्हा काकूंकडे, आणि त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"काय झालं?" सासूबाईंचा आवाज हळूहळू उतरत गेला. "सगळे असे का बघताय? आणि ही का म्हणतेय की हिनं मारलं?"

"काही नाही, आई, तुम्ही आत जा..." ती धावत पुढे झाली. "चहा गार होतोय, तुम्ही..."

"तू गप्प बस. साहेब, तुम्ही सांगा."

परीक्षकांनी सांगितलं. शक्य तितक्या हळू आवाजात, शक्य तितक्या थोड्या शब्दांत सांगितलं: नियम कोणता, अळ्या कोणत्या, नाव कुणाचं काढलं जाणार होतं. सासूबाईंनी ट्रे जमिनीवर ठेवला; ठेवला कसला, तो त्यांच्या हातून निसटलाच.

"त्या चांगल्या होत्या?"

"चांगल्या होत्या, आजी. लाल, काळ्या ठिपक्यांचे किडे असतात ना, लहान मुलं हातावर घेऊन खेळतात ते? त्यांची पिल्लं."

"त्यांची? इतक्या देखण्या किड्याची पिल्लं इतकी कुरूप?" त्या सुन्न होऊन म्हणाल्या. "मला काय ठाऊक... मला वाटलं, पोरीच्या पिकाला कुणी खातंय..." आणि मग त्या सुनेकडे वळल्या. "आणि तू? तू स्वतःचं नाव सांगितलंस? तुझं सगळं जाणार होतं, तरी? का गं?"

आता तिच्याच्यानं राहवेना. तीन वर्षांचं साठलेलं सगळं उमाळ्यानं वर आलं.

"तुम्ही माझ्याशी बोललात, आई!" ती हुंदके देत म्हणाली. "माझ्यासाठी तुम्ही या वयात पंप उचललात... तुम्ही हसलात माझ्याकडे बघून! ते चुकलं असं मी तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? पदवी मला हवी होती हो, फार हवी होती... पण घरी येऊन सांगायला कुणी नसेल तर तिचं मी करू काय?"

"वेडी! वेडी आहेस तू!" सासूबाईंनी तिला दोन्ही हातांनी ओढून कवटाळलं. "अगं, दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला मी सांगत होते, आमची सून विद्यापीठात जाते म्हणून! परवा एक जण हसला तर त्याला औषध न देता परत पाठवला! सगळ्या जगाला सांगितलं गं... एक तुलाच सांगायचं राहिलं! मानाचं खूळ शिरलं डोक्यात, दुसरं काय! रोज वाटायचं, आज बोलावं, आणि रोज जीभ आखडायची. काल ती किडकी पानं दिसली आणि मला बरंच वाटलं बघ, म्हटलं, चला, आता तरी निमित्त मिळालं..."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडत होत्या की बाईंनाही चष्मा काढून पुसावा लागला. नवरा पडलेले कप गोळा करायच्या निमित्तानं खाली वाकला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

मग सासूबाईंनी डोळे कोरडे केले, कपडे नीट केले, आणि दुकानात उधारी मागणाऱ्यासमोर उभ्या राहायच्या तशा परीक्षकांसमोर ताठ उभ्या राहिल्या.

"लिहा. हिनं काही केलं नाही. मी केलं. शिक्षा असेल ती मला करा."

"शिक्षा नाही, आजी. पण प्लॉट बाद. तेवढं मला करावंच लागेल," परीक्षक म्हणाले. "त्यांचं नाव राहील. आणखी पूर्ण एक वर्ष, नव्यानं."

एक वर्ष! तिचे सगळे सोबती पदव्या घेऊन जाणार आणि ती पुन्हा मागच्या बाकावर... काळजाला चटका बसलाच. पण नाव राहिलं होतं! काल संध्याकाळी जे कायमचं पुरलं होतं ते पुन्हा हाताला लागलं होतं! ती काही बोलणार एवढ्यात सासूबाईच बोलून गेल्या.

"वर्षाचं काय एवढं! करू की!"

"तोंडी परीक्षा तरी आज घ्या ना, सर," बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. "ती पुढच्या वर्षीसाठी धरता येते."

"प्रश्न कशावर विचारू, बाई? सगळं मेलंय इथं."

"सगळं कुठे?" सासूबाई एकदम म्हणाल्या. "ती भिंतीकडची शेवटची ओळ राहिलीय की! खांदा भरून आला माझा, पंपही संपला. म्हटलं, एवढी उद्या सकाळी उरकू, आणि सकाळी कपडे बदलायच्या गडबडीत राहूनच गेली!"

सुनेनं त्यांच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि ती धावत सुटली! चाळिशी पार केलेली बाई, वाफे ओलांडत, वेलांखालून वाकत, शाळकरी पोरीसारखी धावत सुटली, आणि तिच्या मागे बाई, बाईंच्या मागे भिंग सावरत परीक्षक! भिंतीपाशी ती गुडघ्यांवर बसली. तिनं एक पान उलटलं...

"आहेत!" ती किंचाळली. "आई, आहेत! जिवंत आहेत! या, लवकर या!"

सासूबाई मुलाचा हात धरून पोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. तरी त्या ठेवणीतल्या कपड्यांनिशी खाली मातीत बसल्या. परीक्षकांनी काही न बोलता गळ्यातलं भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्याला लावलं, आधी उलटं, मग सुलटं, आणि पानावर वाकल्या.

"अगं बाई! खातेय की ती! हिरवे ठिपके खातेय!"

"तो मावा, आई. तो वेलाचा रस पितो. ही त्याला खाते."

"दिवसाला किती खाते?"

"भूक लागली तर पानभर."

"आणि मावा संपला की? उपाशी मरते?"

"म्हणून तर कडेला ती बडीशेप लावलीय ना! मोठी झाली की तिच्या फुलांवर जाते. आणि थोडा मावा आपण ठेवायचाच असतो, सगळा मारायचा नसतो. म्हणजे ती इथून जात नाही."

"म्हणजे शत्रूलाही थोडं ठेवायचं घरात?"

"थोडं ठेवायचं."

"बरं. पण आली कुठून ही? तू आणलीस?"

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. जमीन बसकी होती तेव्हापासून, पहिल्या वर्षी घातलेल्या पालापाचोळ्यापासून, गांडुळांपासून, कडेच्या गवतापासून... बसमध्ये पुटपुटलेलं, उशीत पुरलेलं सगळं तिच्या तोंडून असं धबाधबा येऊ लागलं की तिला श्वास घ्यायची आठवण राहिली नाही. सासूबाई मध्येच अडवायच्या, "हे का?" म्हणायच्या, "मग आमच्या औषधानं हे का होत नाही?" म्हणून भांडायच्या, आणि ती त्याहून जोरात उत्तर द्यायची, दोन्ही हातांनी, मातीचं ढेकूळ फोडून दाखवत! ऊन डोक्यावर आलं. नवऱ्यानं नवा चहा आणला, तो कुणी घेतला नाही म्हणून स्वतःच प्यायला.

"सर, तोंडी परीक्षेचं?" बाईंनी हळूच विचारलं.

"चाललीय ना," परीक्षक म्हणाले. ते भिंतीला टेकून कागदावर गुण लिहीत होते. "माझ्याहून कठीण प्रश्न येतायत. यात मी काय कापणार?"

बाईंना राहवलं नाही. "काकू!" त्या आनंदानं ओरडल्या. "काकू, ऐकलंत का? पूर्ण गुण!"

काकूंनी ऐकलं नाही. सासूबाईंनी तिची बाही धरून तिला खाली ओढलं होतं आणि दुसऱ्या हातानं एक पान हलकेच, अगदी हलकेच वर उचललं होतं.

"आणि हा कोण गं?"